सरवदे सिस्टर आणि तीस कागद

नर्सिंगच्या कोर्सला पहिल्या दिवशी सगळीकडे एकच प्रश्न विचारतात, नर्स का व्हायचंय. उत्तरही ठरलेलं असतं, सेवा करायचीय. आम्ही तीस जणी ते उत्तर घरून पाठ करूनच लातूरला आलो होतो. मी मुखेडकडची. बाबांच्या काळी-पिवळी जीपमधून मुखेड आणि तिथून एसटीने लातूर, एवढ्या वाटेत ते वाक्य मी निदान वीस वेळा मनात घोकलं होतं. त्याचा काहीच उपयोग झाला नाही. सरवदे सिस्टरांनी प्रत्येकीच्या हातात एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलं, हा कोर्स मधेच टाकून तुम्ही कशामुळे पळून जाल ते लिहा आणि खाली नाव घाला.

आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. अजून गणवेशाचं मापसुद्धा दिलं नव्हतं आणि ही बाई पळून जायची कारणं विचारत होती. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'मी हा कोर्स कधीही सोडणार नाही.' सिस्टर बाकांमधून फिरत वाचत होत्या. माझ्या कागदावर त्यांनी लाल पेनाने 'खोटं' एवढंच लिहिलं आणि नवा कागद पुढे केला. मग मी लिहिलं, रक्त बघून चक्कर येते. तेही खोटंच होतं, घरच्या शेळ्या व्यायच्या तेव्हा रात्रभर मीच तर जवळ बसायची. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा लाल पेन चालवला. तिसऱ्या खेपेला मला राग आला होता. मी नुसतं 'लग्न' असं लिहिलं. तो कागद त्यांनी घडी घालून ठेवून घेतला.

माझ्या शेजारी देगलूरची भाग्यश्री बसली होती. तिने फार विचार केला नाही. तिने लिहिलं, 'मला हे आवडत नाही. मला वडिलांनी घातलंय.' त्यावरही 'खोटं' पडलं. तिने तेच वाक्य दुसऱ्या कागदावर आणखी नीट अक्षरात लिहिलं. पुन्हा लाल. हे सगळ्याच म्हणतात, खरं कारण लिही, असं सिस्टर म्हणाल्या. तिसऱ्यांदा भाग्यश्रीने लिहिलं, 'घरची आठवण येते.' तो कागद पास झाला. संध्याकाळी होस्टेलच्या खोलीत आम्ही दोघी त्यावर पोट धरधरून हसलो.

सरवदे सिस्टर आमच्या ट्यूटर, पण त्यांना कोणी मॅडम म्हणत नसे. आधी बरीच वर्षं वॉर्डात काढलेली, म्हणून सिस्टर. गाव निलंग्याकडचं. अंगाने किरकोळ, केस चापून बांधलेले, आवाज मात्र पार जिन्यापर्यंत जायचा. लग्न केलेलं नव्हतं आणि का नाही केलं हे विचारायची आमची छाती नव्हती. विश्वास हा प्रकार त्यांच्याकडे मुळातच नव्हता. हजेरी झाली तरी डोकी पुन्हा मोजायच्या. पेशंटने गोळी घेतली असं आम्ही सांगितलं की जाऊन त्याला तोंड उघडायला लावायच्या, जीभ वर करायला लावायच्या. छातीवर घड्याळ टाचलेलं असूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारायच्या आणि दोन्हींत फरक निघाला की त्यांना बरं वाटायचं. गावी जाताना गाडी निलंग्याला जाते का, हे आधी पाटीवर वाचायच्या, मग कंडक्टरला विचारायच्या, मग ड्रायव्हरला, आणि शेवटी आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला. तिने होय म्हटलं की पायरीवर पाय. होस्टेलवर त्यांची नक्कल करण्यात माझा पहिला नंबर होता.

त्यांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट होतं. आमची दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचे दाखले त्यात होते. त्यांच्यावरच ते तीस कागद. किल्ली कायम कमरेला. 'तीस आल्या, तीस जातील, माझ्या वर्गातली पोरगी मधी जात न्हाई,' हे त्यांचं पालुपद. आणि सीनियर मुलीही सांगायच्या की त्यांच्या हाताखालून आजवर एकही मुलगी कोर्स सोडून गेलेली नाही. त्या हेही सांगायच्या की जपून रहा, ही बाई घरी फोन करते. तेव्हापासून मी त्यांच्याकडे वाकड्या नजरेनेच बघायला लागले. आमची दुखरी जागा आमच्याच हाताने लिहून घेणारी आणि वर कुलूप लावणारी बाई आमच्या भल्याची कशी असेल?

पहिले तीन महिने मुली पळतात, असं त्यांचं मत. वासाने पळतात, पाय दुखून पळतात आणि बेडपॅनने पळतात. म्हणून त्यांनी पहिल्या पंधरवड्यात आम्हाला कशालाही हात लावू दिला नाही. रोज सकाळी दोन तास वॉर्डात नुसतं उभं करायच्या. भिंतीला टेकायचं नाही, नाकाला रुमाल लावायचा नाही. नाकाला सवय आधी, हाताला मग, असा त्यांचा हिशेब. दोघी-तिघी ओकल्या. त्यांना त्यांनी तोंड धुवायला लावून पुन्हा आणून उभं केलं, पण रागावल्या नाहीत. ओकणारी टिकते, म्हणायच्या, हसून सहन करणारीवर माझं लक्ष हाय.

मला त्यांनी पकडलं ते तक्त्यावर. सकाळी प्रत्येक पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास मोजून खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर लिहायचा असतो. ताप बघायला यंत्र आहे, नाडी बोटाला लागते, पण श्वास मोजायला पूर्ण मिनिटभर एखाद्याच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं. त्याचा कंटाळा येतो आणि सकाळी वेळही नसतो. म्हणून सीनियर मुली सगळ्यांना अठरा लिहून मोकळ्या होत. मीही लिहिलं. बारा खाटा, बारा वेळा अठरा. सिस्टर तक्ते बघत बघत खोलीच्या टोकापर्यंत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "सगळे संगट श्वास घिऊन ऱ्हायलेत का? ही खाटंवरची माणसं हायत का कवायतीची पोरं?"

अख्खा वॉर्ड हसला. मग त्यांनी मला औशाकडच्या एका आजोबांच्या खाटेजवळ स्टूल दिलं आणि दुपारभर दर पंधरा मिनिटांनी त्यांचे श्वास मोजायला बसवलं. बावीस, चोवीस, बावीस, झोप लागली तेव्हा वीस. एकदाही अठरा आला नाही. आजोबा कंटाळून म्हणाले, "पोरी, किती डाव मोजतीस, हाय की मी अजून." मला रडू येत होतं. पण तीन वाजेपर्यंत मला कळून चुकलं की मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाकडे इतका वेळ नीट बघितलं होतं. हे सिस्टरांना सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी तक्ता वाचला, आजोबांचे श्वास स्वतः एकदा मोजले आणि मला जेवायला सोडलं.

दुसऱ्या वर्षी माझं कारण कपाटातून बाहेर पडलं. अर्धापूरच्या मामाने स्थळ आणलं. केळीचा मळा, एकुलता एक मुलगा, घरात सगळं. फक्त सून ड्युटीला जाणार नाही, एवढी त्यांची अट. बाबा आणि मामा एका सकाळी केळीचा भलामोठा घड घेऊन कॉलेजात हजर झाले. मला वर्गातून बोलावलं. मी दारातच उभी राहिले, कारण बस असं कोणी म्हटलं नाही.

"स्थळ चांगलं हाय मॅडम," बाबा म्हणाले. "पोरीला घिऊन जातो. तिचे कागद देऊन टाका."

"नेता येत न्हाई," सिस्टर म्हणाल्या.

"कामून?"

"सरकारी नियम हाय. एकदा नाव चढलं की तीन वर्सं कागद भायेर निघत न्हाईत. मधी नेली तर पोरीला पुन्हा कुटंच नाव घालता येत न्हाई. उद्या सासरच्यांनी इचारलं, बारावीचा कागद कुटं हाय, तर काय सांगताव?"

मामाला हे पटलं नाही. त्याने नियम दाखवा म्हटलं. सिस्टरांनी शांतपणे कपाट उघडलं आणि इंग्रजीतला एक जाडजूड गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. मामा पाचवीपर्यंत शिकलेला. त्याने चार-पाच पानं सावकाश उलटली, एका ओळीवर बोट फिरवलं आणि मान डोलावून म्हणाला, हाव, आसं लिवलंय खरं. बाबा माझ्याकडे न बघता उठले. फाटकापाशी एवढंच म्हणाले की तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं, आता काय करणार. त्या स्थळाला लवकरच दुसरी मुलगी मिळाली.

सिस्टरांनी त्याच दिवशी माझा कागद काढला, त्याचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. हे कारण संपलं, आता अभ्यास कर, म्हणाल्या. मला उड्या मारायच्या होत्या. पण रात्री पडल्या पडल्या दुसरंच डोक्यात आलं. ह्या बाईने माझ्यासाठी इतकं का करावं? माझ्याबद्दल चांगला शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. मुली म्हणाल्या, अगं, जागा रिकामी पडली की तपासणीत कॉलेजला त्रास होतो, तिला फक्त तीस डोकी हवीत. मला ते लगेच पटलं. तो नियम खरा नसावा, असाही संशय मला तेव्हाच आला होता, कारण त्या जाड गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर औषधांच्या साठ्याबद्दल काहीतरी होतं आणि ते मला दारातूनही वाचता आलं होतं. पण मी ते कोणालाच सांगितलं नाही.

भाग्यश्रीलाही नाही. ती दुसरं वर्ष संपता संपता गप्प गप्प झाली होती. तिच्या हाताला फार सफाई होती. तिने बांधलेलं बँडेज सोडायला जिवावर यायचं. पण वॉर्डातून आली की ती तासभर भिंतीकडे तोंड करून पडायची. एक दिवस ती सिस्टरांकडे गेली आणि म्हणाली, मला जायचंय, माझे कागद द्या. मी तक्त्यांची फाइल ठेवायला आत गेले होते, म्हणून ऐकलं. सिस्टरांनी तिला दोन दिवस घरी जाऊन यायला सांगितलं, आठवण येत असेल म्हणून.

"घरची आठवण मला कवाच आली न्हाई, सिस्टर," भाग्यश्री म्हणाली. "ते तुमी लिवून घेतलं. मी आधी लिवलं होतं ते खरं होतं."

सिस्टर म्हणाल्या, "नियम हाय. तीन वर्सं कागद निघत न्हाईत."

भाग्यश्रीने माझ्याकडे पाहिलं. मी फाइल ठेवली आणि बाहेर आले. त्या नियमाचा खोटेपणा उघडा पडला असता, तर तो देगलूरपर्यंतच थांबला नसता, मुखेडलाही पोचला असता आणि बाबा पुन्हा दारात आले असते. एवढा साधा हिशेब मी केला. आजही त्याची लाज वाटते.

एका सोमवारी भाग्यश्री पिशवी उचलून निघून गेली, कागदांशिवाय. हजेरीला सिस्टरांनी डोकी मोजली. एकोणतीस. पुन्हा मोजली. मग फळ्यावर लिहायला लागल्या, आणि त्या दिवशी त्यांनी कोणाचीच चूक काढली नाही. ऑफिसने कागद द्यायला नकार दिला, कारण सिस्टरांचाच तसा शेरा होता. भाग्यश्रीला त्या वर्षी कुठेच प्रवेश मिळाला नाही. वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिने माझे फोन घेणंही बंद केलं. मला वाटलं तिला माझा संशय आलाय, आणि तो बरोबरच होता.

मी कोर्स पुरा केला. मूळ कागद परत घेण्याच्या दिवशी सिस्टरांच्या खोलीत मी एकटीच होते. मी विचारून टाकलं, तो नियम खरा होता का.

"नियम कसला," त्या म्हणाल्या. "मीच केला तो. तुझा बाप ऐकणारा न्हवता."

"मग भाग्यश्रीला का लावला?"

त्यांनी कपाटातून एक लिफाफा काढून टेबलावर ठेवला. भाग्यश्रीचा. त्यात तिच्या गुणपत्रकांसोबत लाल पेनाचे ते दोन कागदही होते, जपून ठेवलेले. "मला वाटलं तिचंबी तुमच्यावानीच आसंल," त्या म्हणाल्या. "तोंडात एक, पोटात एक. तीस पोरींत एक खरं बोलंल, हे डोस्क्यातच आलं न्हाई."

मी त्यांना धीर देणारं काही बोलले नाही. मला त्यांचा राग आला होता आणि माझा त्याहून जास्त. शिवाय मी तिथे उभी होते ती त्यांच्याच खोटेपणामुळे, हातात प्रमाणपत्र घेऊन. माझ्या वेळी त्या चुकल्या असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? आणि भाग्यश्रीच्या वेळी तर त्या अगदी तशाच वागल्या होत्या.

नंतर मला नांदेडला एका दवाखान्यात नोकरी लागली. तीन-चार वर्षं गेली. एक दिवस सिस्टरांचा फोन आला. त्या निवृत्त झाल्या होत्या आणि कॉलेजातून निघताना भाग्यश्रीचा लिफाफा सोबत घेऊन आल्या होत्या. देगलूरला येतेस का, म्हणाल्या. पोस्टाने का नाही पाठवत, असं मी विचारलं. पोस्टावर त्यांचा विश्वास नव्हता, हे मला विचारायच्या आधीच ठाऊक असायला हवं होतं. पण खरं कारण त्यांनी नंतर सांगितलं. एकट्या गेल्या तर भाग्यश्री दारात उभं करणार नाही, अशी त्यांना भीती वाटत होती.

भाग्यश्रीचं स्टँडपासून जवळच दुकान होतं. लग्नाच्या ब्लाउजवर आरीकाम, म्हणजे आकड्याच्या सुईचं भरतकाम, करून द्यायची. आत चौकटीवर लाल कापड ताणलेलं आणि ती त्यावर सुई चालवत बसलेली. तिने आम्हाला ओळखलं, बसा म्हटलं, पण हात थांबवला नाही. सिस्टरांनी लिफाफा तिच्यापुढे ठेवला. ओळ संपवून तिने तो उघडला, बारावीचं गुणपत्रक वाचलं आणि म्हणाली, मार्क चांगले होते की मला. मग ते कागद तिने रिळांच्या खणात ठेवले.

"तू पयल्या दिवशी खरं लिवलं होतंस," सिस्टर म्हणाल्या. "मी धरलं न्हाई. चुकलं माझं."

इतक्या वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. बाहेरून चहा आला, तो भाग्यश्रीने स्वतः आमच्या हातात दिला.

"पुढं शिकायचं होतं मला, सिस्टर," ती म्हणाली. "शिवणाचाच डिप्लोमा करायचा होता. कागद न्हाईत म्हणून घेतलं न्हाई कुणी. आता चांगलंच चालून राहिलंय माझं. पण ते ऱ्हायलं." मग ती माझ्याकडे वळली. "तुला म्हाईत होतं ना गं, नियम खोटा हाय ते?"

मी होय म्हटलं. ती पुन्हा कापडाकडे वळली आणि चौकटीखाली नवा दोरा धरला. ती आमच्यावर रागावली नव्हती. निरोपाला उठून दारापर्यंतही आली नाही.

स्टँडवर सिस्टरांची उदगीरची गाडी आधी लागली. त्या आत जाऊन खिडकीशी बसल्या. मी खाली उभी होते. माझ्या गाडीला वेळ होता. मी पाणी आणू का विचारलं. त्यांनी ते ऐकलंच नाही. काच सरकवून त्या बाहेर वाकल्या.

"अश्विनी, तुला ऱ्हायाचंच होतं ना तवा? तुझ्या बापाला मी परत लावून दिलं. तुला इचारलंच न्हवतं मी."

"हाव सिस्टर," मी म्हटलं. "मला ऱ्हायाचंच होतं."

ते खरं होतं. त्या दिवशी दारात उभी असताना मी मनातल्या मनात हात जोडले होते की बाबांनी एकटंच परत जावं. हे सगळं मला त्यांना सांगायचं होतं, पण ड्रायव्हरने गाडी काढली. सिस्टर खिडकीतून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत बघत राहिल्या, आणि त्यांना ते खरं वाटलेलं नव्हतं.